एक्केचाळीस किलोमीटरवरची हवा

मार्च २००९मध्ये इस्रोने एक निवेदन काढलं. जमिनीपासून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून फुग्याच्या मदतीने गोळा केलेल्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या होत्या. एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव मिळालं, दुसरीला इस्रोचं आणि तिसरीला आर्यभटाचं. प्रयोगाचे प्रमुख होते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात विश्वरचनाशास्त्र होतं, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था होती, विज्ञानकथा होत्या. या फुग्याच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एखादंच वाक्य आलं, आणि त्या वाक्यातही होते ते जिवाणू. ते ज्या नळ्यांतून खाली आले त्यांचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही.

मला त्या नळ्यांबद्दल लिहायचं आहे. या प्रयोगात जे काही खरं-खोटं ठरायचं होतं, त्यातलं फार थोडं आकाशात ठरणार होतं. बाकी सगळं जमिनीवर, उड्डाणाच्या कितीतरी आधी ठरत होतं: नळ्या निर्जंतुक करताना, त्यांच्यातली हवा उपसून काढताना, झडपा पुन्हापुन्हा उघडून-मिटून बघताना. वरून आणलेल्या नळीत जिवाणू सापडला तर पहिला प्रश्न हाच येणार, की तो वर जातानाच नळीत बसलेला नव्हता कशावरून? या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर ते उड्डाणाआधीच तयार हवं. फुगा परत आल्यावर ते तयार करता येत नाही.

हॉइल हे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं असं होतं की जीवसृष्टीची बीजं धूमकेतूंच्या धुळीबरोबर अवकाशातून पृथ्वीवर आली, आणि आजही येत असावीत. बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. नारळीकरांनी या मतावर तात्त्विक वाद घालत बसण्यापेक्षा तपासून बघता येईल असा प्रश्न हाती घेतला. वरून काही झिरपत असेल तर ते वाटेत, हवेत, कुठेतरी सापडायला हवं. मग हवा कुठली घ्यायची?

खालची घेऊन उपयोग नाही. तपांबरातली, म्हणजे वातावरणाच्या जमिनीलगतच्या थरातली, हवा सतत ढवळली जाते. शेतातली माती, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू असं सगळं वाऱ्याबरोबर वर चढतं. उष्ण कटिबंधात सोळा-सतरा किलोमीटरवर या थराची वरची सीमा, तपस्तब्धी, लागते आणि तिथे ही ढवळाढवळ मंदावते. त्याच्या वर स्थितांबर. मोठा ज्वालामुखी तिथपर्यंत राख फेकू शकतो, पण ४१ किलोमीटरपर्यंत ती क्वचितच पोचते. म्हणून जितकं वर जाल तितका जमिनीवरून आलेल्या जिवाणूचा संशय कमी. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवर उडतात. रॉकेट या थरातून काही क्षणांत निघून जातं, त्याला थांबून हवा घ्यायला सवड नसते. सावकाश चढणारा, हव्या त्या उंचीवर नमुना घेऊ देणारा असा एक फुगाच उरतो.

पहिलं उड्डाण जानेवारी २००१मध्ये झालं. त्याच वर्षी २० ऑगस्टला हॉइल वारले. त्या नमुन्यांचा काही भाग ब्रिटनमध्ये तपासला गेला, काही भारतात. दोन्हीकडे जिवाणू मिळाले आणि दोन्हीकडे शंकाही आल्या. त्या शंका मनात धरूनच दुसऱ्या उड्डाणाची तयारी झाली. ते उड्डाण २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून झालं. फुगा २ कोटी ६७ लाख घनफुटांचा. त्याला टांगलेलं वैज्ञानिक सामान ४५९ किलो, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन. आणि या सगळ्याच्या पोटात सोळा नळ्या.

त्या स्टेनलेस स्टीलच्या होत्या, निर्जंतुक केलेल्या आणि आतून निर्वात. प्रत्येकीच्या तोंडाशी मोटरवर चालणारी धातूची झडप. जमिनीवरून रेडिओने आज्ञा गेली की झडप उघडते, हवा आत येते, दुसऱ्या आज्ञेने मिटते. ऐकायला सोपं वाटतं. पण ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या हजारात तीन भागांहूनही कमी असतो. अशा ठिकाणी रिकामी नळी नुसती उघडली तर आत शिरते ती तशीच विरळ हवा, आणि आतला-बाहेरचा दाब सारखा झाला की ओघ थांबतो. इतक्याशा हवेत जिवाणू शोधणं जवळपास अशक्य. पंप लावावा तर त्याचे फिरते भाग, त्याचं तेल, त्याच्या रबरी सीलच्या बेचक्या ही सगळी जिवाणूंना लपायची ठिकाणं.

यावर उपाय म्हणून निऑन. द्रवरूप निऑनचं तापमान उणे २४६ अंश सेल्सिअस असतं. नायट्रोजन उणे २१० अंशांना गोठतो, ऑक्सिजन उणे २१८ अंशांना. निऑनमध्ये बुडवलेल्या नळीत हवा शिरली की ती आतल्या भिंतीवर गोठून बसते. आत पुन्हा पोकळी तयार होते, बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते. झडप उघडी आहे तोवर हे चालूच राहतं. फिरणारा एकही भाग नाही, तेलाचा थेंब नाही, आणि तरी नळी हवा पीत राहते. यासाठी द्रवरूप नायट्रोजन चालला नसता, कारण हवेतला नायट्रोजन त्याच्याच तापमानाला गोठणार कसा? द्रवरूप हेलियम याहून गार असतो, पण तो भराभर उडून जातो. तेवढ्याच आकारमानाचा निऑन त्याच्या चाळीसपट उष्णता शोषून घेतो. तासन् तास चालणाऱ्या उड्डाणात हा फरक निर्णायक ठरतो.

पण निऑन एक प्रश्न सोडवतो आणि दुसरे उभे करतो. नळी खाली आणून साध्या तापमानाला आली की आत गोठलेली हवा पुन्हा वायू होते, आणि त्या लहानशा जागेत दाब वातावरणाच्या कित्येक पट चढतो. म्हणजे वर जाताना जी नळी बाहेरच्या दाबाने चेपायला नको, तीच खाली आल्यावर आतल्या दाबाने फुटायला नको. दोन्ही दिशांनी ती तपासावी लागते. शिवाय सांधे. अडीचशे-पावणेतीनशे अंशांनी गार झाल्यावर धातू आकसतो, वेगवेगळे धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, आणि कार्यशाळेच्या टेबलावर पक्का वाटणारा सांधा तिथे झिरपायला लागतो. झडपेच्या मोटरीतलं नेहमीचं ग्रीस अशा गारठ्यात दगडासारखं घट्ट होतं. म्हणून अशा यंत्रांत कोरडं वंगण वापरतात, आणि झडप गार अवस्थेत उघडून-मिटून बघतात. तेसुद्धा एकदा नाही. पुन:पुन्हा, आज्ञा पाठवून, उत्तर तपासून.

आता जिवाणूंचा प्रश्न. बॅसिलस या प्रजातीतले जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणू तयार करतात, आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते ती याचसाठी. मुळात तीच मंडळी प्रयोगशाळेत धुळीतून, कपड्यांवरून, हातांवरून कुठेही शिरतात. स्थितांबरातून आणलेल्या नळीत बॅसिलस सापडला तर कुणीही अनुभवी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ प्रथम स्वतःच्या हातमोज्यांकडे बघेल. म्हणून नळी निर्जंतुक करणं पुरेसं नसतं. ती निर्जंतुक आहे हे तपासावं लागतं, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि तिथून पुढे प्रत्येक जोडणीत ती तशीच राहिली याची खातरजमा करावी लागते. एखादी नळी मुद्दाम न उघडता सगळा प्रवास घडवून आणायची पद्धत अशा प्रयोगांत रूढ आहे. तिच्यातही काही उगवलं तर समजायचं की दोष वरच्या हवेचा नाही.

फुगा स्वतःही निर्जंतुक नसतो. एकरांच्या हिशेबात मोजायचा त्याचा पृष्ठभाग कारखान्यात माणसांच्या हातांखालून गेलेला, मैदानावर पसरलेला. वर चढताना पुढे असतो फुगा आणि मागे असतात नळ्या. म्हणजे फुग्याने ढवळलेल्या हवेतूनच नळ्यांना जावं लागतं. फुग्याच्या अंगावरून सुटलेला कण थेट नळीत शिरू शकतो. यासाठी नमुने घेणारं यंत्र लांब दोरावर फुग्यापासून दूर टांगलं, आणि हवा आत घ्यायला दोन मीटर लांबीची वेगळी निर्जंतुक नळी पुढे काढली. मला या प्रयोगातला हा दोर फार महत्त्वाचा वाटतो. तो बातमीत आला नाही. तो नसता तर बातमीला अर्थ राहिला नसता.

हे उड्डाण झालं ते हैदराबादच्या ईसीआयएल परिसरातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रात. संस्था मुंबईची. होमी भाभांना वैश्विक किरणांचा अभ्यास करायचा होता, आणि हे किरण मूळ रूपात पकडायचे तर वातावरणाच्या वर जायला हवं. १९३९-४० साली रॉबर्ट मिलिकन भारतात येऊन फुग्यांतून उपकरणं सोडून गेले, त्यात बंगळूरही होतं. भाभा तेव्हा तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. पुढे संस्था स्थापन झाल्यावर आधी रबरी फुगे, मग पॉलिथीनचे, अशी मजल दरमजल वाटचाल झाली आणि १९६९मध्ये हैदराबादला कायमचं केंद्र उभं राहिलं. हैदराबाद निवडण्याला कारणं होती. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ कमी ऊर्जेच्या कणांना बाहेरच अडवतं, त्यामुळे क्ष-किरण आणि वैश्विक किरण मोजणाऱ्या उपकरणांत गोंगाट कमी. शिवाय चहूकडे मोकळा, सपाट मुलूख. फुगा समुद्रात पडायची भीती थोडी.

पण याच जागेची एक अडचण आहे. विषुववृत्ताकडची तपस्तब्धी जगात सगळ्यात थंड. हैदराबादवरून चढणारा फुगा सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ८० अंशांच्या आणि त्याहूनही खालच्या गारठ्यातून जातो. साधं पॉलिथीन तिथे ठिसूळ होतं, आणि नेमका तेव्हाच आतला वायू फुगत असल्याने त्याच्यावर ताण वाढत असतो. युरोप-अमेरिकेतल्या हवामानात चालणारी फिल्म इथे काचेसारखी तडकू शकते. त्यामुळे इथल्या लोकांना फुग्याच्या कापडापासून सुरुवात करावी लागली. त्यांनी थंडीत लवचीक राहणारी स्वतःची फिल्म तयार केली, तिला ‘अँट्रिक्स’ म्हणतात. दर खेपेच्या फिल्मचे तुकडे गार करून, त्यांच्यावर वजन आपटून ते तडकतात का ते बघावं लागतं.

या फिल्मची जाडी वीसेक मायक्रॉन. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक हातात घेऊन बघा. फुग्याची फिल्म त्याच्या निम्म्याहून पातळ. २००५चा फुगा पूर्ण फुगल्यावर गोल धरला तर त्याचा व्यास ११० मीटरच्या वर जातो आणि पृष्ठभाग सुमारे दहा एकर भरतो. एवढं कापड एका तुकड्यात मिळत नाही. लांबच लांब टेबलांवर फिल्मच्या पट्ट्या पसरून, दोन्ही टोकांना निमुळत्या कापून, कडेने उष्णता देऊन एकीला एक जोडत जायचं. अशा जोडांची लांबी कित्येक किलोमीटर होते, आणि त्यात एका ठिकाणीही उष्णता कमी पडून चालत नाही वा जास्त होऊन चालत नाही. कमी पडली तर जोड सुटतो, जास्त झाली तर जोडाच्या शेजारची फिल्म अशक्त होते. अशा कामात अंगठी, घड्याळ, वाढलेलं नख यांना मज्जाव असतो. एक ओरखडा पुरतो. तयार फुग्याची पूर्ण फुगवून चाचणी घेता येत नाही, कारण जमिनीवर तो तेवढा फुगवणंच शक्य नाही. म्हणून या माणसांना जोड घालतानाच, हात चालू असतानाच, खात्री करून घ्यावी लागते. यंत्राच्या जगात असं काम थोडं असतं.

फुग्याच्या तळाला तोंडं उघडी असतात. वर जाताना हायड्रोजन फुगत जातो आणि जादा झालेला त्या वाटेने बाहेर पडतो. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास वाढतच नाही, म्हणून तर एवढी पातळ फिल्म टिकते. जमिनीवरून सुटताना या प्रचंड फुग्यात त्याच्या क्षमतेच्या तीनशेव्या भागाइतकाच वायू असतो. वरचा लहानसा भाग फुगलेला आणि खाली लांबलचक, चुण्या पडलेलं शेपूट.

कापडाइतकीच काळजी उपकरणांची. इथे थोडं थांबायला हवं, कारण उंचीवर नेमकं काय बिघडतं याबद्दल आपला अंदाज बरेचदा चुकतो. वर गारठा आहे, तेव्हा यंत्रं गारठून बंद पडतील, असं सहज वाटतं. बॅटरीच्या बाबतीत ते खरं आहे. उणे तापमानात तिची रासायनिक क्रिया मंदावते आणि जमिनीवर आठ तास चालणारी बॅटरी वर निम्म्या वेळात मान टाकते. म्हणून तिच्याभोवती थर्मोकोलचा जाड थर देतात, कधी छोटा हीटरही लावतात. पण शेजारच्याच डब्यातलं विद्युतमंडळ त्याच वेळी भाजून निघत असतं. जमिनीवर त्याची उष्णता हवा वाहून नेते. तिथे हवाच उरलेली नाही. वरून सूर्य विनाअडथळा तापवतो. मग तोच थर्मोकोल तिथे शत्रू ठरतो. पांढरा रंग कुठे द्यायचा, धातूची पट्टी कुठून कुठे न्यायची म्हणजे उष्णता चौकटीत उतरेल, हे सगळं आधी गणिताने आणि मग निर्वात कक्षात ठेवून ठरवतात. या कक्षात हवा उपसून दाब काही मिलिबारवर आणायचा, भिंती गार करायच्या, आणि उपकरण तासन् तास चालू ठेवून त्याच्या अंगावर जागोजागी चिकटवलेल्या तापमापकांचे आकडे लिहीत बसायचं. बसून राहणं हाच या चाचणीचा मोठा भाग. पहिल्या तासात सगळं छान चालतं. बिघाड तिसऱ्या-चौथ्या तासात समोर येतो.

आणखी एक धोका फुग्याच्या उंचीलाच खास भेटतो. उच्च दाबाच्या विजेला हवा अडवते, हे आपण गृहीत धरतो. जमिनीवरची दाट हवा बऱ्यापैकी अडवते. अवकाशातली पोकळीही अडवते, कारण तिथे वीज वाहून न्यायला कणच नसतात. मधल्या पट्ट्यात, काही मिलिबारच्या विरळ हवेत, मात्र ती सगळ्यात सहज फुटते. तीन-साडेतीनशे व्होल्टलासुद्धा ठिणगी पडू शकते. जर्मन शास्त्रज्ञ पाशेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियम मांडला. संशोधन फुगे तरंगतात ते नेमके याच पट्ट्यात. क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणांना हजारो व्होल्ट लागतात. टेबलावर निर्दोष चाललेला पुरवठा तीस किलोमीटरवर जांभळट चमकून स्वतःला आणि शेजाऱ्यांना जाळून टाकतो. त्यामुळे असे भाग सिलिकॉन रबरात ओतून बंद करतात किंवा जमिनीवरचा दाब कोंडलेल्या डब्यात ठेवतात. सोल्डरिंगचा एखादा टोकदार थेंबसुद्धा घासून गोल करतात, कारण ठिणगी टोकावरून निघते. आणि निर्वात कक्षात चाचणी घेताना एकदम खालच्या दाबाला जाऊन भागत नाही. दाब हळूहळू उतरवत त्या मधल्या पट्ट्यातून उपकरण चालू ठेवून न्यावं लागतं, कारण फुगाही त्यातूनच जाणार आहे.

उंचीवर काय होईल त्याची तयारी जमिनीवरच करायची, या धड्याची मुळं जुनी आहेत. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यात स्वतः बसून ५३५० मीटरपर्यंत गेले आणि उंचीबरोबर किरणोत्सार वाढतो हे त्यांनी दाखवून दिलं. वैश्विक किरणांचा शोध तो हाच. १९३६चं नोबेल त्यासाठी. त्यांच्या आधीही माणसं विद्युतदर्शक घेऊन वर गेली होती. हेसनी बरोबर तीन उपकरणं नेली आणि त्यांतली दोन जाड भिंतींची, पक्की हवाबंद करून घेतली होती, म्हणजे बाहेरचा दाब उतरला तरी आतल्या हवेची घनता बदलू नये. धाडसाची गोष्ट सगळे सांगतात. मला हेसचं मोठेपण त्या बंद डब्यांत अधिक दिसतं.

शेवटी धक्के. पॅराशूट उघडतं तेव्हा बसणारा हिसका उपकरणाच्या वजनाच्या अनेक पट असतो. अमेरिकेतल्या नासाच्या फुग्यांसाठी चौकट सरळ खाली दहापट वजन आणि आडव्या दिशेने पाचपट वजन सोसेल अशी असावी लागते. तळाला पुठ्ठ्याच्या जाळीदार ठोकळ्यांची गादी असते. जमिनीवर आदळताना ती चेपते आणि उपकरण वाचतं. वजनाचा हिशेब ग्रॅमपर्यंत चालतो. लोखंडी छर्‍यांचं पोतंही बरोबर असतं. रात्र पडून वायू आकसला, फुगा खाली यायला लागला, की छर्रे थोडे थोडे सोडायचे.

उड्डाणाच्या आधी सगळं सामान एकत्र जोडून क्रेनला टांगतात आणि बॅटरीवर चालवतात, जमिनीशी संबंध फक्त रेडिओचा. सगळे ट्रान्समीटर एकाच वेळी चालू. एकट्याने नीट चालणारी दोन यंत्रं एकत्र आली की एकमेकांच्या कामात लुडबुड करतात, ते इथे कळतं. सामान फुग्यापासून सोडवणारी, दोर कापायची आज्ञा सगळ्यात महत्त्वाची, आणि ती दोन स्वतंत्र वाटांनी जाईल अशी सोय असते: एक रेडिओने आणि रेडिओ गप्प झाला तर घड्याळाने. कापला न गेलेला फुगा विमानांच्या वाटेत भरकटू शकतो. या चाचणीत हयगय कुणीच करत नाही.

मग वाऱ्याची वाट. लहान फुगे सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजतात. जमिनीवर वारा जवळपास पडलेला हवा, नाहीतर शेपूट भरकटून फिल्म फाटते. म्हणून भरायला सुरुवात होते ती अंधारात, पहाटेच्या शांत वेळेकडे डोळा ठेवून. द्रवरूप निऑन भरल्यावर उडायला लागलेला असतो. उशीर झाला तर नळ्या गार ठेवायचा साठाच कमी होतो. हायड्रोजन भरताना मैदानावर ठिणगीला वाव नसतो. प्रत्येक नळी, प्रत्येक गाडी जमिनीशी तारेने जोडलेली. फुगा वर, पॅराशूट मध्ये, उपकरणं खाली. फुगलेला भाग जमिनीवर धरून ठेवणारा रोलर मोकळा झाला की बुडबुडा उसळतो आणि शेपूट सरळ होत जातं. सेकंदाला पाचेक मीटरने चढत ४१ किलोमीटर गाठायला दोन तासांहून जास्त लागतात. एवढी तयारी, आणि खुद्द प्रयोग एवढाच: वेगवेगळ्या उंचीवर एकेक झडप उघडणं आणि मिटणं.

नळ्या पॅराशूटने उतरल्या. जिवाणूंचा शोध एकाच प्रयोगशाळेवर सोपवला नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या केंद्रात एस. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे स्वतंत्रपणे काम गेलं. इस्रोचे सी. बी. एस. दत्त प्रकल्प संचालक, बलून केंद्राची जबाबदारी रवी मनचंदा यांच्याकडे, मार्गदर्शक यू. आर. राव आणि पुष्प भार्गव. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांतल्या तीन जिवाणू-वसाहती नव्या जातींच्या निघाल्या: जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस, बॅसिलस आर्यभट्टाय. तिघांतही आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरण सोसण्याची ताकद जास्त होती.

२००९च्या शोधनिबंधाच्या शीर्षकात लिहिलं आहे की हे जिवाणू वरच्या वातावरणातली हवा गोळा करायला वापरलेल्या नळ्यांतून वेगळे केले. नुसतं वातावरणातून, असं लिहिलेलं नाही. शास्त्रज्ञांनी जेवढं डोळ्यांनी बघितलं तेवढंच कागदावर उतरवलं. इस्रोनेही घेतलेल्या खबरदारीवर विश्वास व्यक्त करताना हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचं सिद्ध होत नाही, हे स्पष्ट सांगितलं. पुढे आर्यभट्टायचे भाऊबंद जमिनीत, झाडांच्या मुळांजवळच्या मातीतही मिळाले. माझ्या मते म्हणून ते काम कमी होत नाही. स्थितांबरात जिवंत जिवाणू आहेत का, हा प्रश्न नळीच्या स्वच्छतेपर्यंत खाली उतरवता येतो आणि तिथे भांडता येतो, हे त्यातून मिळालं. पुन्हा असं उड्डाण झालं तर मला बघायचं आहे ते न उघडलेल्या नळ्यांचं प्रमाण. अर्ध्या नळ्या बंद ठेवायची तयारी असेल तर हवा निम्मीच मिळेल, पण मिळालेल्या हवेवर विश्वास दुप्पट बसेल.

तयारीतला एक भाग कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही. तो वर्तमानपत्रांतल्या सूचनेत असतो. उड्डाणांचा हंगाम आला की बलून केंद्राकडून जिल्हा प्रशासनांना कळवलं जातं की विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरवर, उपकरणं उतरू शकतात. उन्हाळ्याकडे स्थितांबरातला वारा पश्चिमेकडे वळतो, तेव्हा ही सूचना सोलापूर, लातूर, धाराशिव, नांदेडच्या वाचकांसाठी नुसती औपचारिक राहत नाही. डिसेंबर २०२२मध्ये हॅलो स्पेस या स्पॅनिश कंपनीचं कुपीसारखं यान याच केंद्रातून ३७ किलोमीटरवर जाऊन विकाराबाद जिल्ह्यातल्या शेतात उतरलं, तेव्हा गावकरी चक्रावून गेले होते. अशा वेळी कुतूहलाने केलेली एखादी चूक पुरते. झडपेला धक्का लागला, दोर ओढला, डबा उघडून बघितला, की महिन्यांची निर्जंतुक साखळी शेवटच्या शंभर मीटरात तुटते.

त्यासाठी डब्यावर सूचना चिकटवलेली असते. ती वाचावी. यंत्राला हात लावू नये, कारण काही भागांत उच्च दाबाची वीज शिल्लक असू शकते. लहान मुलांना आणि जनावरांना लांब ठेवावं, पॅराशूट आणि फिल्म कापून घरी नेऊ नये, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात, टपाल कार्यालयात किंवा तहसील कचेरीत कळवावं. कळवणाऱ्याला बक्षीस आणि येण्याजाण्याचा, फोनचा खर्च मिळतो.